शुद्धिपत्राचा अंक

निशा कुरणेनं ठराव मांडला तेव्हा दादा सरनोबतांच्या गुळाच्या अडतीवरच्या माडीत अकरा माणसं बसली होती. त्यातली तिघं चहा झाला की उठणार हे तिला ठाऊक होतं. म्हणून चहा यायच्या आधीच ती उभी राहिली.

"कोल्हापूर कॅमेरा संग्राहक मंडळ आणि त्याचं त्रैमासिक 'झडप', ही दोन्ही येत्या फेब्रुवारीत बंद करावीत, असा ठराव मी मांडते."

दोन हजार चार सालचा नोव्हेंबर होता. मंडळाला सोळावं वर्ष चालू होतं. एके काळी गडहिंग्लजपासून बेळगावपर्यंत दीडशेवर सभासद होते. कॅमेऱ्याच्या शटरवरून नाव घेतलेल्या 'झडप'चा अंक अठ्ठेचाळीस पानांचा निघायचा. जुन्या कॅमेऱ्यांची माहिती, दुरुस्तीच्या खुणा, कुणाला कुठल्या मोडीच्या दुकानात काय सापडलं त्याच्या हकिगती, असा सगळा ऐवज त्यात असायचा. आता सभासद चाळिसाच्या आत आले होते आणि मागचा अंक सोळा पानांचा, तोही दोन महिने उशिरा निघाला होता. शहरातल्या फोटोच्या दुकानांनी रोल ठेवणं कमी करत आणलं होतं. लग्नाचे फोटोवालेसुद्धा डिजिटल घेऊन फिरत होते.

"बंद? कशापायी?" अध्यक्ष दादा सरनोबत गरजले. दादांचा नेहमीचा आवाजही खालच्या अडतीत गुळाच्या सौद्यात पोचायचा, मग गरजले की बघायलाच नको. "चालतंय की!"

"चालत नाही दादा. आपण ढकलतोय." निशाचा आवाज चढला नाही. "मी सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढते. पंधरा वर्षं झाली. मशीन म्हातारं झालं की ते एकदम थांबत नाही, आधी धुरकट फोटो द्यायला लागतं. हाड मोडलंय की नाही कळत नाही. तसला फोटो पेशंटच्या हातात देण्यापेक्षा मशीन आपण होऊन बंद करावं. बंद पडणं निराळं आणि बंद करणं निराळं. आपण करूया."

चहा आला. तिघंही उठली नाहीत.

निशा मंडळात आली ती एकोणीसशे नव्वदमध्ये. वडील बाबासो कसबा बावड्याच्या साखर कारखान्यात फिटर होते. बोनसमधून त्यांनी लेकीला अॅग्फाचा साधा क्लिक थ्री कॅमेरा घेऊन दिला होता, आणि तिनं पहिला रोल बावड्यातल्या बुद्धपौर्णिमेच्या मिरवणुकीवर संपवला होता. मंडळात तेव्हा ती एकटीच बाई होती. पहिल्या सभेत कुणीतरी तिला चहाचे कप गोळा करायला सांगितलं. तिनं कप गोळा केले, सांगणाऱ्याच्या हातात दिले आणि जागेवर जाऊन बसली. पाच वर्षांत ती मंडळाची चिटणीस झाली आणि तेव्हापासून त्या पदाला दुसरं कुणी उभंच राहिलं नाही.

ठराव मंजूर झाला. दादांनी हात वर केला नाही, पण खालीही ठेवला नाही. मिशीवरून फिरवत राहिले.

"मग शेवटचा अंक दणक्यात काढायचा," ते म्हणाले. "सगळ्यांचे फोटो, शुभेच्छा, अध्यक्षांचं मनोगत."

"शेवटच्या अंकात शुद्धिपत्र छापायचं," निशा म्हणाली. "सोळा वर्षांत आपण जे जे चुकीचं छापलं ते सगळं दुरुस्त करायचं. त्रेसष्ट अंक लोकांच्या कपाटात राहणार आहेत. उद्या कुणी ते खरं धरून चालेल."

संपादक गुरुप्रसाद हेर्लेकर कोपऱ्यात बसले होते. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, वय एकाहत्तर. पहिल्या अंकापासूनची प्रत्येक ओळ त्यांच्या हाताखालून गेली होती. बंद करायच्या ठरावाला त्यांनी शांतपणे हात वर केला होता. आता मात्र त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे माझ्या चुका मोजणार तू," ते म्हणाले.

"आपल्या चुका, सर. अंक पोस्टात मी टाकत होते."

सरांनी चष्मा पुसला, टोपी घातली आणि ते जिना उतरले.

पुढच्या रविवारी सकाळी साडेआठलाच बावड्यात निशाच्या दारात रिक्षा थांबली. सर उतरले. हातात दोन पिशव्या, पिशव्यांत सगळे त्रेसष्ट अंक आणि खिशात तांबडं पेन.

"एक्केचाळीस सापडल्या," ते उंबऱ्यातूनच म्हणाले. "नुसत्या माझ्या मला. अंक सातमध्ये रोल धुण्याच्या विकासक द्रावणात रसायन एक ग्रॅमऐवजी दहा ग्रॅम छापलंय! लोकांचे रोल काळेठिक्कर पडले असतील, निशा. आणि कुणी एका शब्दानं बोललं नाही!"

"बोलतं करू की त्यांना," निशा म्हणाली.

तिनं आजी-माजी सगळ्या सभासदांना कार्डं टाकली. मजकूर दोन ओळींचा होता: 'झडप'चा शेवटचा अंक काढत आहोत. आमची चूक ठाऊक असेल तर कळवा.

शुभेच्छा मागितल्या असत्या तर दहा आल्या असत्या. चुका मागितल्या आणि महिनाभरात शहाऐंशी कार्डं आली. मंडळ सोडून गेलेली माणसंसुद्धा हिरिरीनं लिहीत होती. गडहिंग्लजच्या एकाचे दोन रोल खरोखरच त्या दहा ग्रॅममध्ये गेले होते. बेळगावच्या एकानं कळवलं होतं की माझ्या वडिलांचा फोटो तुम्ही उलटा छापलात, त्यांचा भांग उजवीकडं गेला. मुरगूडच्या एका गृहस्थांना अंक बत्तीसमध्ये 'कै.' लावलं गेलं होतं. 'मी आहे. तब्येत उत्तम. कृपया नोंद घ्यावी,' एवढंच त्यांनी लिहिलं होतं. सर एकेक कार्ड वाचून हसायचे, मग गंभीर व्हायचे, मग वहीत उतरवायचे. इतक्या वर्षांत त्यांना एवढं टपाल कधी आलं नव्हतं.

डिसेंबरच्या मधल्या एका रविवारी निशा सरांच्या घरी बसून कार्डं लावत होती. एक कार्ड निळ्या शाईतलं होतं, अक्षर मोठं आणि दाबून लिहिलेलं. तिनं ते मोठ्यानं वाचलं.

"'मास्तर, अंक एकोणीस, पान चार. तो लाकडी कॅमेरा विलायती न्हाय. माज्या बाबानं केलेला हाय. अकरा वर्सामागं पत्र घातलं हुतं. उत्तर आलं न्हाय. शालूबाई सुतार, जयसिंगपूर.'"

तिनं मान वर केली. सरांचं पेन थांबलं होतं.

अंक एकोणीस सगळ्यांनाच पाठ होता. त्र्याण्णव साल. मुखपृष्ठावर दादा सरनोबतांचा पितळी भिंगाचा, भात्याचा लाकडी कॅमेरा होता, आणि आत दादांनी स्वतः लिहिलेला लेख: 'माझा विलायती मानकरी'. मंडळात कुणी नवा पाहुणा आला की दादा आधी तो कॅमेरा दाखवायचे, मग चहा विचारायचे.

सर उठले. कपाटाच्या खालच्या खणातून त्यांनी एक आंतर्देशीय पत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं. अक्षर तेच होतं.

"आलं होतं," ते म्हणाले. "दोनदा वाचलं. दादा अध्यक्ष. जागा त्यांची, कागद त्यांच्या ओळखीनं मिळायचा. म्हटलं, कुठल्याशा बाईच्या सांगण्यावरून त्यांना कसं दुखवायचं? मग म्हटलं, पुढच्या अंकात बघू. मग ते पुढंच जात राहिलं." ते खुर्चीत बसले. "फाडून टाकायचा धीर झाला नाही आणि छापायचाही झाला नाही."

निशाला राग आला. अकरा वर्षं ती या माणसाच्या शेजारी बसून अंकांवर पत्ते चिकटवत होती. पण समोरचा म्हातारा स्वतःहून खण उघडून बसला होता, त्याला आणखी काय बोलणार?

"जयसिंगपूरला जाऊया," ती म्हणाली.

"आधी दादांना विचारू."

"आधी बघू. मग दादांना सांगू. विचारायचं काय त्यात? ज्याचं काम त्याचं नाव."

दुसऱ्या रविवारी दोघं एसटीनं जयसिंगपूरला उतरली. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत शालूबाईची पिठाची गिरणी होती. सत्तरीची, काटक बाई. भुवयांवरसुद्धा पीठ होतं. गिरणीचा पट्टा तिनं स्वतः उतरवला, आवाज थांबला, मग तिनं सरांना खालपासून वरपर्यंत बघितलं.

"तुमीच व्हय मास्तर?"

"हो."

"पत्र मिळालं हुतं का न्हाय?"

"मिळालं होतं."

"मग?"

सरांनी एकदा निशाकडं बघितलं. तिनं काही मदत केली नाही.

"भ्यालो," सर म्हणाले.

शालूबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "खरं बोललासा. बसा, च्या टाकते. मी समजत हुते, बाईमाणसाचं पत्र म्हणून चुलीत घातलं असंल."

चहा पिता पिता तिनं सगळं सांगितलं. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते, विलायतेहून सामान येणं बंद झालं होतं. सांगलीच्या एका फोटोवाल्याच्या कॅमेऱ्याचं भिंग चांगलं होतं, पण लाकडी घर वाळवीनं खाल्लं होतं. तो ते भिंग रुमालात आणि घराचे तुकडे पोत्यात बांधून तिच्या वडिलांकडं, आकाराम सुतारांकडं आला. आकाराम बैलगाड्या करायचे, हार्मोनियमची घरं करायचे. कॅमेरा त्यांनी जन्मात उघडून बघितला नव्हता. त्यांनी वाळवीनं खाल्लेल्या तुकड्यांची मापं घेतली आणि दोन महिन्यांत नवं घर उभं केलं.

"भाता शेळीच्या कातड्याचा," शालूबाई म्हणाली. "बाबाची बोटं जाड. त्येला बारीक घड्या पडंनात. म्हणून घड्या मी घातल्या. नऊ वर्सांची हुते. हितनं हितवर चिकटा." तिनं मनगटापासून कोपरापर्यंत हात फिरवला. "त्यो फोटोवाला मेल्यावर कॅमेरा कुटं गेला कुणाला ठावं. मग गिरणीत एक पोरगं तुमचा अंक वाचत बसलं हुतं. मुकपृष्ट बगितलं आन् दळाण सोडून तिथंच बसले मी. आवंदा तुमचं कार्ड बी त्येनंच आणून दावलं."

सरांनी वही काढली. शालूबाईनं हातानंच थांबवलं.

"असं ऐकून लिवायचं न्हाय. परत कोन तरी म्हनंल, म्हातारी बडबडली. मी येते. कॅमेरा म्होरं ठेवा, मी दावते."

निशानं त्याच संध्याकाळी दादांना फोन केला. सगळं सरळ सांगितलं, एकही शब्द मऊ केला नाही. पलीकडून एवढा आवाज आला की तिला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला.

"माज्या विलायती कॅमेऱ्याला गाडीवाल्या सुताराचा खोका म्हनतासा? बारा वर्सं पुसतोय मी त्येला! माडी देणार न्हाय शेवटच्या सभेला, सांगून ठेवतो!"

"मग आमच्या बावड्यात भरवू. समाजमंदिराचं पटांगण मोठं आहे. तुम्ही कॅमेरा घेऊन या. तो विलायती निघाला तर तसं छापीन, पहिल्या पानावर, माझ्या नावानं माफी मागून."

"आणीन की! भितो काय मी?" म्हणून दादांनी फोन आपटला.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी सकाळी समाजमंदिराच्या पटांगणात सतरंज्या अंथरल्या होत्या. चाळीसही सभासद नसलेल्या मंडळाच्या शेवटच्या सभेला साठ-बासष्ट माणसं आली. मुरगूडचे 'कैलासवासी' गृहस्थ सायकलवरून आले आणि प्रत्येकाशी हात मिळवत फिरले. बाबासो दारात उभे राहून येणाऱ्याला पाणी देत होते. दादा सगळ्यांत शेवटी आले. कडक फेटा, काखेत मखमलीत गुंडाळलेला कॅमेरा. ते निशाशी बोलले नाहीत. कॅमेरा टेबलावर ठेवला, मखमल काढली आणि हाताची घडी घालून शेजारी उभे राहिले.

आधी सर उठले. जुनं आंतर्देशीय पत्र त्यांनी सगळ्यांसमोर वाचलं, तारखेसकट. "हे मी अकरा वर्षं दाबून ठेवलं," ते म्हणाले. "शुद्धिपत्रातली पहिली चूक ही आहे, आणि ती छापखान्याची नाही, माझी आहे." एवढं बोलून ते खाली बसले. त्यांची मान ताठ होती.

मग शालूबाई टेबलाशी गेली. एवढ्या वर्षांनी तो कॅमेरा समोर बघून ती रडेल असं काहींना वाटलं असावं. तिनं तो दळणाच्या डब्यासारखा उचलला आणि पालथा केला.

"स्क्रू डायवर हाय का कुणाकडं?"

साठ संग्राहकांच्या खिशांतून वीस तरी निघाले. तिनं एक घेतला आणि तिवईला जोडायची खालची पितळी पट्टी सोडवली. पट्टीखाली लाकडाला पॉलिश नव्हतं. तिनं स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं तिथं एक बारीक ओरखडा काढला आणि कॅमेरा दादांच्या पुढं धरला.

तपकिरी लाकडात ओरखडा हळदीसारखा पिवळा दिसत होता.

"फणस," शालूबाई म्हणाली. "राधानगरीकडनं आणला हुता बाबानं. भिंग विलायती हाय, त्येला मी न्हाय म्हनत न्हाय. पर घर फणसाचं. का वो पावणं, विलायतेत फणस लागतो व्हय?"

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळं पटांगण हसायला लागलं. दादा हसले नाहीत. त्यांनी कॅमेरा हातात घेतला, उन्हात नेला, ओरखड्यावरून अंगठा फिरवला. भाता उघडून आतल्या घड्या बघितल्या. निशा त्यांच्या तोंडाकडं बघत होती. आता कॅमेरा उचलून चालू लागतील असं तिला वाटलं, आणि गेले असते तरी मजकूर बदलणार नव्हता, हेही तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

"असलं किती केलं तुमच्या बाबानं?" दादांनी विचारलं.

"ह्यो एकच."

"एकच? म्हंजे ह्याचा जोड कुटंच न्हाय?"

"न्हाय की. दुसरं भिंग घिऊन कोन आलंच न्हाय."

दादा वळले. बघता बघता त्यांची छाती फुगली. "ऐकलासा?" ते गरजले. "विलायती काय, मुंबईत पोत्यानं मिळतील! आपल्या मुलखातल्या फणसाचा, आपल्या माणसानं केलेला, एकुलता एक कॅमेरा कुनाकडं हाय? सांगा की! कुनाकडं हाय?"

"तुमच्याकडं!" मुरगूडकर ओरडले.

"मग छापा!" दादा म्हणाले. "मोट्या टायपात छापा. आन् त्येंचं नाव माज्या नावाच्या वर घाला. काय नाव म्हनलासा बाबांचं? आकाराम. वर घाला आकाराम सुतार. खाली ह्यांचं. घड्या घातल्यात त्यांनी, चेष्टा हाय व्हय?"

निशाला हसू आवरेना. गर्व करायची दादांची हौस तसूभरही कमी झाली नव्हती, नुसती तोंड वळवून उभी राहिली होती. चालेल, ती मनाशी म्हणाली. मजकूर खरा असला की झालं.

"कॅमेरा खरा असेल तर त्यानं फोटो काढून दाखवायला पाहिजे," ती मोठ्यानं म्हणाली. "मुखपृष्ठाला फोटो लागतोच आहे."

त्या मापाची फिल्म कधीच बाजारातून गेली होती. पण निशा रिकाम्या हातानं आली नव्हती. दुकानातून एक्स-रे फिल्मचं पाकीट विकत घेऊन, तांबड्या दिव्यात मापाला कापून तिनं ती मंडळातल्या त्याच मापाच्या, उजेड न शिरणाऱ्या चौकटीत भरून आणली होती. तिवई उभी राहिली. साठ माणसं तीन ओळींत बसली, मधोमध खुर्चीवर शालूबाई, शेजारी दादा, पायाशी सर. काळ्या फडक्याखाली डोकं घालून निशानं घासलेल्या काचेवर बघितलं. सगळं मंडळ उलटं लटकत होतं, फेट्यासकट, आणि काठापर्यंत स्वच्छ दिसत होतं.

"दोन सेकंद हलायचं नाही. दादा, बोलायचंही नाही."

तिनं भिंगावरचं टोपण काढलं. एक. दोन. टोपण परत बसलं.

दवाखान्यातल्या सवयीच्या हातानं तिनं ती फिल्म घरच्या मोरीत दार बंद करून धुतली. एक्स-रेच्या फिल्मला दोन्ही बाजूंनी लेप असतो, जरा नख लागलं की ओरखडतं. दादांच्या खांद्यावरून एक बारीक रेघ गेलीच. बाकी साठही चेहरे ओळखू येत होते. शालूबाईच्या भुवयांवरचं पीठसुद्धा आलं होतं.

चौसष्टावा अंक फेब्रुवारीच्या वीस तारखेला छापून आला. बत्तीस पानं, त्यातली सव्वीस चुकांची. पहिल्या पानावर आकाराम सुतारांचं नाव, त्यांनी दोन महिन्यांत काय केलं त्याची सगळी हकिगत, आणि खाली सरांच्या सहीनं माफी. शालूबाईनं पंचवीस प्रती मागवल्या आणि महिनाभर गिरणीत येणाऱ्या प्रत्येकीला दळणाबरोबर वाचायला दिल्या. दादांनी मखमल टाकून कॅमेऱ्यासाठी काचेचं कपाट केलं आणि अडतीत गल्ल्याच्या वरच लावलं. आता गूळ घ्यायला आलेल्या माणसालाही फणसाची गोष्ट ऐकल्याशिवाय सुटका नव्हती.

मार्चअखेर मंडळाची नोंदणी रद्द झाली. मंडळाच्या छोट्या वाचनालयातली पुस्तकं एका कॉलेजनं घेतली, ठेवलेले कॅमेरे ज्याचे त्याला गेले. अध्यक्ष, चिटणीस, संपादक, तिन्ही पदं एका कागदावरच्या तीन सह्यांनी संपली.

एप्रिलमध्ये पुण्याहून एका संस्थेचं पत्र आलं. शेवटचा अंक त्यांच्या हाती पडला होता. असं नियतकालिक थांबू नये, 'झडप' हे नाव आम्हाला द्यावं, आम्ही रंगीत स्वरूपात चालवू, गुरुप्रसाद हेर्लेकर सल्लागार म्हणून राहावेत, असं त्यांनी लिहिलं होतं. पत्र सरांच्या नावानं होतं, पत्ता मात्र चिटणिसाचा. मंडळाचं टपाल म्हणून निशानं ते उघडलं होतं. सरांना संपादक असणं किती प्यारं होतं, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण निर्णय त्यांचा होता. तिनं पत्र त्यांच्या पुढं ठेवलं आणि घरी निघून आली.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात निघाली तेव्हा सर फाटकाशी उभे होते. हातात उघडं पाकीट.

"उत्तर लिहिलंय. एकदा नजर टाक."

तिनं वाचलं. 'आपल्या आपुलकीबद्दल आभारी आहोत. आमचं काम पूर्ण झालं आणि ते आम्ही राजीखुशीनं थांबवलं. नाव देता येणार नाही. आपण आपलं नवं नाव काढावं, त्याला आमच्या शुभेच्छा. चौसष्ट अंकांचा पूर्ण संच वेगळ्या पार्सलनं पाठवत आहे. वाचताना शेवटचा अंक आधी वाचावा.'

"काही दुरुस्ती?" सरांनी विचारलं.

"काही नाही."

तिनं पाकीट चिकटवलं, पर्समध्ये टाकलं आणि गाडीला किक मारली. अकराच्या टपालाला अजून वेळ होता.